घुमारा आणि सायलेन्सर

न्हाणीघरात गुणगुणताना एखादा स्वर एकाएकी भरून येतो आणि त्याच्या वरचा किंवा खालचा स्वर मात्र फिकाच राहतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. गळा तोच, गाणाराही तोच. पण त्या चार भिंतींना तो एकच स्वर मानवतो. अमेरिकेत असलेल्या माझ्या पुतण्याची एक तक्रार ऐकताना मला या न्हाणीघराची आठवण झाली.

पुतण्या टेक्सासमध्ये राहतो आणि पिकअप गाडी चालवतो. पुढे बसण्याची केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, अशी या गाडीची रचना. तिकडे शेतकऱ्यापासून कचेरीत जाणाऱ्या गृहस्थापर्यंत सारेच ती वापरतात, आणि तिचा मूळचा सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवण्याची अनेकांना हौस असते. सायलेन्सरला तेथे मफलर म्हणतात. आपण मात्र मफलर गळ्याभोवती गुंडाळतो. असो. दुकानात इंजिन सुरू करून दाखवले तेव्हा नव्या सायलेन्सरचा आवाज मोठा भारदस्त वाटला. दुसऱ्या दिवशी गाडी महामार्गावर एका ठरावीक वेगाला आली आणि केबिनमध्ये असा घुमारा सुरू झाला, की शेजारी बसलेल्या आईचे बोलणे त्याला ऐकू येईना. वेग वाढवला की घुमारा नाहीसा होई, कमी केला तरी नाहीसा होई. पण ज्या वेगाने तासन्‌तास जावयाचे, नेमका त्याच वेगाला तो हजर! डोके दुखू लागल्यामुळे आईने पुढे त्या गाडीत बसण्याचेच टाळले.

असे का व्हावे? सिलिंडरमध्ये इंधन पेटले, की जळालेला वायू धक्क्याने नळीत शिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणून इंजिनाच्या मिनिटातील फेऱ्यांना सिलिंडरांच्या संख्येने गुणावे व १२० ने भागावे, म्हणजे सेकंदाला किती धक्के बसतात ते कळते. आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्या करीत असेल, तर उत्तर येते १२०. सहा सिलिंडरांचे ९०, चारांचे ६०. हे सारे खर्जातले स्वर होत.

आता केबिनकडे पाहू. पुढची काच आणि पाठीमागची काच यांत दीड मीटर अंतर धरले, तर त्यांच्यामधील हवा ढोबळ हिशेबाने सेकंदाला सुमारे ११५ कंपनांच्या स्वराला साथ देते. चार दारांच्या लांब केबिनमध्ये हा स्वर आणखी खाली उतरतो. इंजिनाचा स्वर आणि केबिनचा स्वर जुळले की अनुनाद होतो, आणि एरवी सोसवेल असा आवाज कानात दाटून बसतो. तेव्हा घुमारा हा नुसता मोठा आवाज नव्हे. तो दोन स्वरांचा दुर्दैवी योग आहे. सायलेन्सर निवडताना लक्षात ठेवावयाची मुख्य गोष्ट हीच.

सायलेन्सर आवाज दोन प्रकारे शमवतो. एका प्रकारात पोटात पोलादी पडदे घालून कप्पे केलेले असतात. ध्वनिलहरी त्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना खोडतात. ही खोडाखोड काही स्वरांपुरतीच उत्तम होते. तुमच्या गाडीचा स्वर त्यांत नसेल तर घुमारा तसाच राहतो. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा तत्सम पदार्थ ठासलेला असतो. तो आवाज शोषून घेतो; पण उंच, कर्कश स्वर जितक्या सहज शोषतो, तितका खर्ज शोषू शकत नाही. म्हणून या जातीचा आखूड, सडपातळ सायलेन्सर वरचा कर्कशपणा काढून टाकतो आणि खालचा घुमारा उघडा पाडतो. खर्जासाठी लांबी आणि पोटातील जागा हवी. गाडीखाली मावेल तितका मोठा सायलेन्सर घ्यावा, हा साधा नियम सहसा फसत नाही.

जाहिरातीतील डेसिबलचा आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. बहुतेक मापने ‘ए’ पट्टीवर केलेली असतात, आणि ही पट्टी सेकंदाला १०० कंपनांच्या स्वरातून सुमारे १९ डेसिबल वजा करते. ज्या खर्जाने प्रवासी हैराण होतो, तोच त्या आकड्यात जवळजवळ दिसत नाही. दुकानात ऐकलेला आवाजही असाच फसवा, कारण तेथे गाडी उभी असते आणि इंजिनावर ओझे नसते. म्हणून आधी आपला नेहमीचा वेग ठरवावा, त्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्या किती होतात हे काट्यावर पाहावे, आणि तशाच इंजिनाच्या व तशाच केबिनच्या दुसऱ्या गाडीत बसून त्याच वेगाला तो सायलेन्सर ऐकावा. जनरल मोटर्सच्या काही आठ सिलिंडरी इंजिनांत ओझे हलके असताना चारच सिलिंडर चालू राहतात; तेव्हा १२० चा स्वर एकदम ६० वर येतो. अशा गाडीत दोन्ही स्थिती ऐकून पाहाव्यात.

मूळच्या नळीवर पुष्कळदा सायलेन्सरखेरीज रेझोनेटर नावाचा आणखी एक लहान डबा असतो. तो निरुपयोगी समजून कापू नये. कारखान्याने तो अशाच एखाद्या स्वरासाठी बसवलेला असतो. धूर बाहेर सोडणारे टोक केबिनखाली किंवा हौद्याखाली न संपवता मागच्या चाकापलीकडे न्यावे. नळी सांगाड्याला कोठे टेकत नाही ना, तिला तोलणारी रबरे शाबूत आहेत ना, हेही पाहावे. टेकलेली नळी साऱ्या केबिनलाच कंप देते.

इतके करूनही घुमारा उरला, तर एक नामी उपाय आहे. मुख्य नळीला एका टोकाने बंद असलेली आडवी नळी जोडतात. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ४८० मीटर जातो. म्हणजे १२० कंपनांच्या स्वराची लहर चार मीटर लांबीची होते. बंद नळी तिच्या चौथा हिस्सा, म्हणजे एक मीटर, ठेवली, तर आत जाऊन परतणारी लहर बरोबर अर्ध्या लहरीने मागे पडते आणि उंचवट्यावर खळगा येऊन दोन्ही शमतात. बंद नळीतील वायू काहीसा थंड असल्याने प्रत्यक्षात लांबी थोडी कमी ठेवावी लागते.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाने प्रत्येक मोटारीस सायलेन्सर आवश्यक केला आहे, आणि आवाज शक्य तितका कमी करणे हे त्याचे काम म्हणून सांगितले आहे. हौसेलाही ही मर्यादा आहे. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निराळे असले, तरी धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला हात लावण्यास तेथे केंद्रीय कायद्याचीच मनाई आहे. बदल करावयाचा तो त्याच्या मागच्या भागातच.

पुतण्याने अखेर लांब पोटाचा सायलेन्सर बसवला आणि शेजारी मीटरभराहून थोडी आखूड अशी बंद नळी जोडली. गाडीचा भारदस्तपणा थोडा उतरला, असे तो म्हणतो. पण आई आता पुन्हा शेजारी बसते, आणि तिचे बोलणे त्याला ऐकू येते.