फिरोजी घुमट आणि कुंभारांच्या घरातला इतिहासकार

बीदरला महमूद गावानच्या मदरशावर निळ्या-हिरव्या झिलईच्या टाइल्सचे जे पट्टे अजून तग धरून आहेत, त्यांनी मला फार वर्षांपूर्वी झपाटलं. मदरसा १४७२चा, गावान मूळचा इराणातल्या गीलानचा. ही झिलई आली कुठून, याचा माग काढत मी शतकं मागं सरकत गेलो आणि दरवेळी एकाच इमारतीपाशी पोचलो. तेहरानहून तबरीझकडे जाताना झंजानच्या अलीकडे, उघड्या माळावर उभा असलेला सुलतानियाचा घुमट.

तो इलखानी राजवटीतला; इलखानी म्हणजे इराणावर राज्य करणारं मोंगोल घराणं. १२५८मध्ये बगदाद बुडवणाऱ्या हुलागूचा पणतू ओल्जाइतू १३०४मध्ये गादीवर आला. आई ख्रिस्ती, म्हणून लहानपणी बाप्तिस्मा होऊन नाव पडलं निकोलस. पुढे बौद्ध, मग सुन्नी मुसलमान आणि शेवटी शिया. सुलतानियाला राजधानी वसवण्याची कल्पना त्याचा बाप अर्घून याची. मुलानं ती तडीस नेली. मोंगोल खानांचं दफन गुप्त जागी होई, वर खूण ठेवत नसत. ती रीत ओल्जाइतूचा थोरला भाऊ गाझान यानं मोडली आणि तबरीझजवळ स्वतःचा भव्य मकबरा बांधला. तो आज उरलेला नाही. धाकट्याचा उरला, तोच हा सुलतानियाचा घुमट.

इमारत अष्टकोनी, विटांची. सुमारे ५० मीटर उंच, आतून घुमटाचा व्यास साधारण २५ मीटर. आठ कोपऱ्यांवर आठ मिनार होते, आता बरेचसे मोडके. ते नुसते शोभेचे नाहीत. एवढा मोठा घुमट भिंतींना बाहेर रेटत असतो. कोपऱ्यांवरचा मिनारांचा भार तो रेटा खाली दाबून धरतो. घुमटाला दोन कवचं आहेत, आणि इराणात टिकून राहिलेला दुहेरी कवचाचा हा सर्वांत जुना घुमट मानला जातो. वरच्या मजल्यावर चहूबाजूंनी बाहेर उघडणारा सज्जा आहे. त्याच्या छतांवरचं रंगीत गिलाव्याचं काम त्या काळच्या कुराणांच्या सजवलेल्या पानांशी इतकं जुळतं, की दोन्हींचे नमुने एकाच हातांनी आखले असावेत असं वाटतं.

आत सजावटीचे दोन थर आहेत. आधी झिलईच्या विटा आणि टाइल्स, मग त्यावर गिलावा देऊन रंगकाम. गिलावा जिथं निखळला तिथं पहिला थर दिसतो. हे का केलं, यावर एक कथा सांगतात: शिया झालेल्या सुलतानाला अली आणि हुसेन यांचे अवशेष नजफ-करबलाहून इथं आणायचे होते, ते जमलं नाही, मग सजावट बदलून इमारत स्वतःसाठी ठेवली. कथा छान आहे, पण समकालीन साधनांत तिला आधार नाही. शीला ब्लेअर यांनी शिलालेखांच्या अभ्यासातून मांडलेलं म्हणणं मला जास्त पटतं. ओल्जाइतूची नजर मक्का-मदिनेवर गेली होती, आणि पवित्र शहरांचा रक्षक म्हणवून घेण्याची ही तयारी होती.

पिएरो सानपाओलेसी या इटालियन अभ्यासकानं फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या घुमटाचं (१४२०-३६) मूळ सुलतानियात शोधलं. अष्टकोन आणि दुहेरी कवच ही साम्यं खरी. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि सुलतानियाला मोठं ठरवायला फ्लॉरेन्सच्या दाखल्याची गरजही नाही.

मला गुंतवून ठेवलं ते एका माणसानं. अबूल कासिम अब्दुल्ला काशानी. ओल्जाइतूच्या कारकिर्दीची वर्षवार बखर लिहिणारा हाच. दरबारात हनफी आणि शाफई पंडित एकमेकांच्या पंथांची लक्तरं काढत बसले, तेव्हा कुत्लुघशाह हा ज्येष्ठ सरदार विटला आणि चंगीजखानाचा यासा, म्हणजे कायदा, सोडून आपण या भांडणात कशाला पडलो, असं बोलून गेला. हा प्रसंग आपल्याला काशानीमुळे कळतो. पुढे १३०९-१०च्या सुमारास सुलतान शिया झाला, नाण्यांवर बारा इमामांची नावं आली.

हा काशानी कुंभारांच्या घरातला. काशानच्या अबू ताहिर घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सोनेरी झळाळीच्या टाइल्स घडवल्या आणि त्यांवर सह्या केल्या. त्याचे वडील अली यांची सही असलेला १२६५चा मिहराब आज होनोलुलूत आहे. भाऊ यूसुफची सही असलेलं १३०५चं कबरीवरचं आच्छादन सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. दोन्ही वरामीनच्या इमामजादा याह्याच्या दर्ग्यातून परदेशी गेली. इमारत इराणात आणि तिचं अंग जगभर विखुरलेलं, याचं मला वाईट वाटतं.

अबूल कासिमनं १३०१च्या सुमारास रत्नं, धातू आणि सुगंधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. रत्नांच्या भागात ११९६मधल्या एका जुन्या ग्रंथाची बरीच उचल आहे. पण शेवटच्या, भांडी आणि टाइल्सच्या प्रकरणात घरची विद्या बोलते. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती, हे त्यानं दिलेलं मिश्रणाचं प्रमाण. निळ्यासाठी काशानजवळच्या कमसर गावचा कोबाल्टचा दगड. कारागीर त्याला सुलेमानी म्हणत, कारण तो सुलेमान पैगंबरानं शोधला अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. फिरोजी रंग तांब्याचा. भट्टी सारख्या धगीनं बारा तास पेटवायची आणि भांडी आठवड्यानं, पुरती निवल्यावर काढायची. झळाळीच्या कामाला पुन्हा दुसरी भट्टी, मंद धुरात तीन दिवस. कारागीर जे बापाकडून मुलाला तोंडी देत, ते यानं कागदावर उतरवलं. मध्ययुगीन इराणी मातीकामावर इतका तपशिलाचा दुसरा मजकूर मला माहीत नाही.

याच माणसानं वजीर रशीदुद्दीनवर आरोप केला. १३०७मध्ये रशीदुद्दीननं ‘जामिउत्तवारीख’ हा मोंगोलांचा आणि जगाचा इतिहास सुलतानाला सादर करून मोठं बक्षीस मिळवलं. काशानी आपल्या बखरीत लिहितो की तो ग्रंथ माझा, मला काहीच मिळालं नाही. रशीदुद्दीन हा थोर माणूस: वैद्य, यहुदी घरात जन्मून मुसलमान झालेला, तबरीझला ग्रंथांच्या नकला करवणारी संस्था उभारणारा. सुलतानाला विष दिल्याच्या आरोपावरून १३१८मध्ये त्याला मारलं. सुमारे ऐंशी वर्षांनी तैमूरचा मुलगा मीरानशाह यानं त्याची हाडंसुद्धा उकरली. अशा माणसाविरुद्ध कुंभाराच्या पोराचं ऐकणार कोण? कित्येक विद्वानांनी ते मत्सरी कारकुनाचं रडगाणं म्हणून बाजूला टाकलं.

हा निकाल आता टिकत नाही. ए. एच. मॉर्टन यांनी आरोप गंभीरपणे घ्यायला लावला. अलीकडे जपानचे ओसामु ओत्सुका यांनी काशानीचा ‘जुब्दतुत्तवारीख’ तपासून दाखवलं, की जगाच्या इतिहासाचा जो भाग रशीदुद्दीनच्या नावावर आहे, त्याचा पाया काशानीच्या लेखनात आहे. मोंगोलांच्या इतिहासाचा भाग मात्र मी रशीदुद्दीनचाच मानतो; राजघराण्याच्या कागदपत्रांपर्यंत आणि मोंगोल सरदारांपर्यंत पोच वजिराची होती.

सुलतानिया पुढे झपाट्यानं उतरलं. १३३५मध्ये ओल्जाइतूचा मुलगा अबू सईद गेला आणि राजवट फुटली. तरी १४०४मध्ये स्पेनचा वकील क्लाविहो आला तेव्हा हुर्मुजमार्गे हिंदुस्थानचा मसाला इथल्या बाजारात पोचत होता. २००५मध्ये युनेस्कोनं घुमटाला जागतिक वारशात घेतलं.

काशानीच्या बखरीची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या अयासोफिया संग्रहात आहे. १९६९मध्ये ती तेहरानला छापली गेली. त्याच्या घरातल्या कुंभारांनी आपल्या टाइल्सवर सही केली आणि ती सातशे वर्षं वाचली जाते. ‘जामिउत्तवारीख’ची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा जगाच्या इतिहासाच्या खंडावर रशीदुद्दीनच्या बरोबरीनं अबूल कासिम काशानीचंही नाव छापलं गेलं पाहिजे.