‘असताना’ आणि ‘नंतर’ : वाहनचालकाच्या करारातील कालभेद

सोलापुरात घरोघर माल पोचविणारा एखादा वाहनचालक मालक बदलू लागला, आणि ‘प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करू नये’ ही अट त्याच्यापुढे ठेवण्यात आली, तर तिचे बळ कालवाचक शब्दावरून ठरते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ कायदेशीर व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरविते. तथापि कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एका नोकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली बंधन ग्राह्य मानले. कारण पाच वर्षांची करारमुदत तेव्हा संपावयाची होती. तात्पर्य, मुदत चालू ‘असताना’चे बंधन टिकू शकते, सेवा संपल्या‘नंतर’चे सामान्यतः टिकत नाही. करारपत्राच्या मराठी भाषांतरात हा भेद पुसट झाल्यास चालक निराधार भीतीपोटी हातची नोकरी गमावील.