दोन अर्थिंगच्या कात्रीत मॉडेम

तीन वर्षांपूर्वी वळवाच्या पहिल्याच पावसात आमचा मॉडेम गेला. वीज घरावर पडली नव्हती. लांब शेतापलीकडे कुठेतरी कडाडली. पण टेलिफोनची तांब्याची जोडी खांबाखांबावरून तिकडूनच येत होती. विजेनं तारेला शिवायचीही गरज नसते. ती जवळपास पडली तरी लांब तारेत हजारो व्होल्टचा झटका उठू शकतो.

लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, घंटी वाजताना त्यात आणखी ७५च्या आसपास भर पडते. म्हणून तिच्या रक्षणाला साधारण २३० व्होल्टला पेटणारी गॅस ट्यूब लावतात. शेंगदाण्याएवढी सिरॅमिकची नळी, आत निष्क्रिय वायू, तीन पाय: दोन जोडीच्या दोन तारांना, मधला अर्थिंगला. एरवी ती असून नसल्यासारखी. दाब चढला की आत ठिणगी पडते आणि दोन्ही तारा अर्थिंगला टेकतात. झटका ओसरला की ट्यूब पुन्हा गप्प. फ्यूजचा इथे उपयोग नाही. तो वितळायला मिलिसेकंद घेतो, झटक्याचा चढ मायक्रोसेकंदांचा.

आमच्याकडे ट्यूब होती. तरी मॉडेम जळाला!

लाइनमननं डबी उघडली. ट्यूबची हिरवी तार खिडकीतून उतरून परसात ठोकलेल्या सळईपर्यंत गेलेली, चांगली दहा मीटर. वर उरलेल्या तारेचं छान वेटोळं. लाइटची अर्थिंग मात्र पुढच्या दारी, मीटरजवळच्या खड्ड्यात. गोम इथेच होती. झपाट्यानं चढणाऱ्या प्रवाहाला तारेचा रोध नव्हे, प्रेरकत्व आडवं येतं: मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १०० अँपिअरनं चढला, तर दहा मीटर तारेवर १,००० व्होल्ट उभे राहतात. वेटोळ्यानं त्यात भरच पडते. ट्यूब इमानानं पेटली, पण जोडी हजार व्होल्टवरच टांगलेली राहिली. आणि मॉडेमचं दुसरं टोक अडाप्टरमधून लाइटच्या वायरिंगला. मधल्या मध्ये तो भाजला.

मग ट्यूबची डबी मीटरजवळ नेली आणि आखूड, सरळ तारेनं लाइटच्याच अर्थिंगला जोडली. सुटी सळई कितीही खोल ठोकली असती, तरी हे काम झालं नसतं.

आता फायबर आहे. काचेतून वीज वाहत नाही, पण अडाप्टर अजून भिंतीतच. आभाळ भरून आलं की मी तो उपटून ठेवतो. नुसतं बटन बंद करण्यावर माझा भरवसा नाही. त्यातली फट दोन-तीन मिलिमीटरची.