वळिवड्याच्या छावणीतली मुलं

युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक, रणगाडे, विमानं येतात. मुलं येत नाहीत. आणि दुसरं महायुद्ध तर कुठेतरी युरोपात झालं, आपला काय संबंध, असंही वाटतं. पण आपल्या जोयडा तालुक्यातून लोंढामार्गे मिरजेला गेलं आणि तिथून कोल्हापूरची गाडी धरली, तर कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे नावाचं लहानसं स्टेशन लागतं. तिथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

ती इतक्या लांब आली कशी? सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं 1940-41 मध्ये मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला पाठवली गेली. तिथे लाकूडतोड, शेतमजुरी. आपल्याकडे जंगलात लाकूडतोडीचं काम बघितलेल्यांना ते कष्ट कळतील, पण तिथे वर हाडं गोठवणारी थंडी आणि हातात मोजून मिळालेला पाव. लहान मुलं आणि म्हातारी आधी गेली. 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा कुठे रशियाने या पोलिश लोकांना मोकळं केलं. मग 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण आणि तिथून पुढे भारत.

जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. वळिवड्याची छावणी त्याहून कितीतरी मोठी, पण तिचं नाव कमी घेतलं जातं. (त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर स्वतःच एक लहान मूल होतं, हाही योगायोगच.)

छावणीत कौलारू बराकी होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, स्काउट होते, आणि शाळा होत्या. मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाच्या शाळाच. युद्ध मुलाची फक्त भाकरी आणि घर नेत नाही, त्याची वर्षंही नेतं. दोन-तीन वर्षं पाटी-पुस्तक न बघितलेलं बारा वर्षांचं पोर लहान मुलांशेजारी बसून धडा गिरवतं, पण घरातली कामं आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी मोठ्या माणसासारखी उचलतं. एकीकडे मागे पडतं आणि दुसरीकडे वेळेआधी मोठं होतं. भुकेचंही तसंच. पोटभर मिळायला लागल्यावरसुद्धा उशाखाली पाव लपवून ठेवायची सवय अशा मुलांची लवकर जात नाही. पोटाला कळतं, पण मनाला खात्री पटत नाही.

1945 मध्ये युद्ध संपलं. आपण समजतो, आता सगळे घरी गेले असतील. पण त्यांतल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत रशियात गेली होती. घर होतं तो देशच बदलला! काही पोलंडला परतले, बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. एक मुलगी मात्र कोल्हापूरच्या मुलाशी लग्न करून तिथलीच झाली.

छावणी रिकामी झाली, पण जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. फाळणीत सिंधमधून उठून आलेली कुटुंबं, त्यांची मुलंबाळं, तिथे वसली. आजचं गांधीनगर ते हेच. आज तिथे लोक कापड खरेदीला जातात.

2019 साली छावणीतली काही मुलं वळिवड्याला पुन्हा येऊन गेली. मुलं म्हणजे तोवर ऐंशीच्या आसपासचे आजी-आजोबा, आपापल्या बराकीची जागा शोधत फिरणारे.