ली-एन्फील्ड क्र. 4 (टी) : भागांतील भेद व टिकाऊपणा

सुटे भाग परस्परांत बदलता यावेत, हे आधुनिक शस्त्रनिर्मितीचे मूलतत्त्व होय. ब्रिटिश सैन्याची ली-एन्फील्ड क्र. 4 (टी) ही दुर्बीणयुक्त रायफल मात्र त्यास अंशतः अपवाद ठरते. चाचणीत अचूक ठरलेल्या साध्या रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने 1942 पासून त्यांचे रूपांतर केले. रायफलीच्या डाव्या अंगास दोन पोलादी बैठका स्क्रू व डाख यांनी पक्क्या करून त्यांवर ब्रॅकेट व तिप्पट वर्धनाची क्र. 32 दुर्बीण बसविली जाई. ब्रॅकेट त्या एकाच रायफलीशी जुळविलेले असल्याने त्यावर तिचा क्रमांक घालीत. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर उठवीत.

भागांतील काही भेद सुधारणेतून उद्भवले. दुर्बिणीच्या पहिल्या आवृत्तीत आडव्या दुरुस्तीचा टप्पा 2 कोनमिनिटांचा होता, तर दुसरीत 1 मिनिटाचा. काही भेद झिजेमुळे आले. पुढील बैठक सैल होणे हा या रचनेतील परिचित दोष होय. अवघ्या 1 मिनिटाचा फरक 600 यार्डांवर सुमारे 6 इंचांचा होतो, हे ध्यानी घेता या दोषाचे गांभीर्य पटते.

मूळ सांगाडा मात्र दीर्घायुषी ठरला. 1970 च्या सुमारास अशाच रायफलींना 7.62 मिलिमीटरची नवी नळी बसवून एल 42 ए 1 सिद्ध झाली. 1982 च्या फॉकलंड युद्धातही ती वापरात होती.

तात्पर्य, भिन्नकालीन भाग एकत्र आढळणे हा बनावटीचा पुरावा नव्हे. तो बहुधा दुरुस्तीचा इतिहास असतो. ब्रॅकेटचा क्रमांक न जुळल्यास मात्र अभ्यासकाने त्याचे कारण शोधलेच पाहिजे.