रोगनामे, जुनी

जुने वैद्यकग्रंथ, कोश, प्रवासवर्णने व लोकव्यवहार यांत आढळणारी रोगांची नावे. बहुतेक संसर्गजन्य रोगांचे कारक सूक्ष्मजंतू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर ओळखले गेले. त्यापूर्वी रोगाचे नाव ठरत असे ते रुग्णाच्या शरीरावर दिसणारे लक्षण, तापाचा क्रम, कल्पिलेले कारण, देवतेचा कोप किंवा रोग जेथून आला असे मानले जाई तो देश यांवरून. आधुनिक वैद्यकाची मराठी परिभाषा घडविताना यांपैकी अनेक नावे पुन्हा उपयोगात आली. मात्र त्यांचे अर्थ संकोचले किंवा पार बदलले. त्यामुळे जुन्या लेखनातील परिचित शब्द आजच्या अर्थाने वाचल्यास रोगाची ओळख चुकते व साथींचा इतिहासही विपर्यस्त होतो.

लक्षणवाचक नावे : मसुरीच्या डाळीसारख्या पुटकुळ्या ज्यात येतात ती मसूरिका. शरीर झिजविणारा तो क्षय. ग्रीक भाषेतील ‘थायसिस’ या नावाचा अर्थही झीज असाच आहे. विसूचिका हे नाव सूची म्हणजे सुई या शब्दावरून आले असून सुया टोचल्याप्रमाणे होणाऱ्या वेदना त्यातून सूचित होतात. हीव म्हणजे थंडी भरून येणारा ताप तो हिवताप. १९१८ सालच्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. अशी नावे निरीक्षण म्हणून अचूक असली, तरी एकच लक्षण अनेक रोगांत आढळत असल्याने त्यांवरून एकच एक रोग निश्चित होत नाही.

कल्पित कारणांवरून पडलेली नावे : ‘मलेरिया’ हा शब्द ‘दूषित हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून झाला आहे. दलदलीतील हवेमुळे हा ताप येतो, अशी पूर्वी समजूत होती. आल्फाँस लाव्हरां यांनी १८८० मध्ये या रोगाचा परजीवी शोधला व रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे तो डासाच्या शरीरात दाखविला. त्यामुळे मूळ कल्पना बाद झाली. नाव मात्र टिकले. मराठीत ‘देवी’ व ‘मरीआई’ ही नावेही याच वर्गातील होत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवी रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

विषमज्वर : अर्थांतराचे हे ठळक उदाहरण आहे. आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे अनियमितपणे किंवा खंड पडून येणारा ताप. त्याचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले आहेत. तृतीयक एक दिवसाआड व चतुर्थक दोन दिवसांआड येतो. ताप आला तो दिवस पहिला धरून मोजल्यामुळे ही नावे पडली. रोमन वैद्यकातील नावांतही मोजणीची हीच रीत दिसते. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीमुळे येणाऱ्या हिवतापाचे आवर्तन सु. ४८ तासांचे व प्लास्मोडियम मलेरी यामुळे येणाऱ्या हिवतापाचे सु. ७२ तासांचे असते. यावरून जुन्या विषमज्वरात हिवतापाचा मोठा अंतर्भाव होता, हे उघड आहे. आधुनिक मराठीत मात्र ‘विषमज्वर’ हा शब्द टायफॉइडसाठी रूढ झाला. टायफॉइड हा आतड्याशी संबंधित जंतुजन्य ताप असून तो सामान्यतः खंड न पडता चढत जातो. ‘टायफस’ हे नाव धूर किंवा गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले व टायफॉइड म्हणजे ‘टायफससारखा’. अर्थात चरक किंवा सुश्रुत यांच्या ग्रंथांतील विषमज्वराची चिकित्सा टायफॉइडला लावणे चुकीचे ठरते.

फिरंग व उपदंश : भावमिश्र यांनी सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात फिरंगरोगाचे वर्णन केले आहे. यूरोपीय लोकांच्या संपर्काने आलेला रोग, असे या नावातून सूचित होते. यूरोपातही हा रोग शेजारच्या राष्ट्राच्या नावे खपविण्याची प्रवृत्ती होती. ‘सिफिलिस’ हे नाव फ्राकास्तोरो यांच्या १५३० मधील काव्यातील मेंढपाळाच्या नावावरून आले. आज मराठीत सिफिलिसला ‘उपदंश’ म्हणतात. परंतु आयुर्वेदातील उपदंशात जननेंद्रियावरील निरनिराळे व्रण व विकार येतात. म्हणून प्राचीन ग्रंथात उपदंश आढळला, एवढ्यावरून त्या काळी भारतात सिफिलिस होता, असे म्हणता येत नाही.

मोडशी : आज हा शब्द अपचनाने होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या सौम्य विकारासाठी वापरतात. पूर्वी तो प्राणघातक रोगाचा वाचक होता. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सीया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले असून एतद्देशीय लोकांच्या शब्दाचा अपभ्रंश होऊन पोर्तुगीज नाव झाल्याचे नमूद केले आहे. पोर्तुगीज ‘मोर्देशीं’ या रूपाला फ्रेंच भाषेत ‘कुत्र्याचे मरण’ या अर्थाचे रूप मिळाले. मूळ शब्द मराठी-कोकणीतील ‘मोडणे’ या क्रियापदापासून आला असून शरीर मोडून पडणे, हा त्याचा आशय होय. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे पटकीची मोठी साथ उद्‌भवली व पुढे ती जगभर पसरली, तेव्हा हा भारतात नव्यानेच उद्‌भवलेला रोग आहे, असा समज पसरला. मोडशी या शब्दाचा इतिहास त्या समजाला बाध आणतो. तथापि जुन्या मोडशीत अन्य कारणांनी होणारे तीव्र अतिसारही मोडत असावेत. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू निश्चित केला तो १८८३-८४ मध्ये.

लस : काही वेळा शब्दाचा अर्थ संकोचण्याऐवजी विस्तारतो. लस म्हणजे मुळात व्रणातून किंवा पुटकुळीतून स्रवणारा चिकट द्रव. एडवर्ड जेन्नर यांच्या १७९६ मधील प्रयोगानंतर गोस्तन देवीच्या पुटकुळीतील असा द्रव टोचण्याची पद्धत रूढ झाली. भारतात ती १८०२ मध्ये मुंबईत प्रथम यशस्वी झाली. ‘व्हॅक्सीन’ हा शब्दही गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. ल्वी पाश्चर यांनी १८८१ मध्ये जेन्नर यांच्या गौरवार्थ तो सर्व रोगप्रतिबंधक द्रव्यांना लावण्याचे सुचविले. आजच्या अनेक लसींचा गायीशी किंवा व्रणातील द्रवाशी काहीही संबंध नाही.

अर्थनिश्चिती : जुन्या रोगनामाचा अर्थ लावताना ग्रंथाचा काळ व प्रदेश, सोबत दिलेली लक्षणे, तापाचा क्रम, ऋतू, रोगाचा प्रसार व मृत्यूचे प्रमाण यांचा एकत्र विचार करावा लागतो. केवळ आधुनिक कोशातील प्रतिशब्द पुरेसा नसतो. जेथे पुरावा अपुरा असेल तेथे मूळ नाव तसेच ठेवून त्याखालील लक्षणे देणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. काही ठिकाणी पुरातन सांगाड्यांतील जंतूंच्या जननिक द्रव्याच्या परीक्षणाने रोगाची खात्री करता येते. मात्र असे अवशेष क्वचितच उपलब्ध असल्याने शब्दांचा काळजीपूर्वक अभ्यास हेच बहुधा मुख्य साधन राहते.