अंगाला बसणारी रायफल



नेमबाजीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी येतात. एक तीक्ष्ण नजर आणि दुसरी महागडी बंदूक. आपल्यापाशी या दोन्ही नाहीत, तेव्हा हा छंद आपला नव्हे, असे म्हणून पुष्कळ मंडळी रेंजच्या दारातूनच परत फिरतात. ज्यांच्यापाशी पैसा आहे अशी काही मंडळी याउलट दरवर्षी रायफलीचा एखादा नवा भाग विकत आणतात, आणि गुण मात्र होते तेथेच राहतात. हे दोन्ही समज एकाच चुकीतून निघालेले आहेत. रायफल भारी असण्यापेक्षा ती आपल्या अंगाला बसणे महत्त्वाचे, आणि ती बसली की नाही याचा निवाडा दुकानदाराने करायचा नसून कागदावरच्या भोकांनी करायचा असतो. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच.

तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक आणले, तेव्हापासून आपल्याकडे रायफल हा शब्द घरोघरी पोचला आहे. या दोघांचे यश ५० मीटरवरच्या काडतुसी रायफलीचे. पण नवखा माणूस सुरुवात करतो ती बहुधा १० मीटरवरच्या हवाई रायफलीने, म्हणून आपण तिच्याविषयीच बोलू.

प्रथम नेम म्हणजे किती बारीक काम, ते पाहा. १० मीटरवरच्या लक्ष्याचे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि त्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा असतो ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत चुकला तरी चालते. आता डोळ्यासमोरची साइट आणि नळीच्या टोकावरची माशी यांत ७५ सेंटिमीटर अंतर धरले, तर त्रैराशिकाने काय उत्तर येते? या दोहोंच्या रेषेत सुमारे ०.१९ मिलिमीटरची चूक चालेल. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढीच ही मोकळीक! त्यातही आता दशांशांत गुण मोजतात. १०.० पासून १०.९ पर्यंतचा प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. साठ गोळ्यांचे कमाल गुण ६५४ होतात ते याच हिशेबाने.

दोन कागदांच्या जाडीइतकी स्थिरता केवळ हाताच्या जोरावर राखणे कोणालाही शक्य नाही. स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो. हाड थकत नाही. म्हणून उभ्याने नेम धरताना नेमबाज डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो, कंबर किंचित मागे झुकवतो आणि रायफलीचे वजन हाडांच्या उतरंडीवरून जमिनीत सोडून देतो. रायफलीत जे बदल करायचे ते सारे या एका हेतूने. ज्या बदलामुळे एखादा स्नायू मोकळा होतो तो बदल उपयोगाचा. ज्यामुळे फक्त बंदूक देखणी होते तो बदल हौसेचा.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या रेंजवर चौदा वर्षांची एक चणीने लहान मुलगी येत असे. तिला रायफल दिली होती ती मंडळाची, आणि तिचा दस्ता आमच्यासारख्या लांब हातांच्या पुरुषांनी स्वतःच्या मापाने लावून ठेवलेला. मुलीचे छर्रे काळ्या वर्तुळात कोठेही विखुरत. आम्ही तिला सांगितले, "तुझा हात हलतो, व्यायाम कर." तिने तीन महिने इमानाने व्यायाम केला. भोके होती तशीच विखुरलेली राहिली. शेवटी तिच्या वडिलांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "हिला जमणार नसेल तर स्पष्ट सांगा. आणखी पैसे घालवायचे की नाही, ते ठरवता येईल." आम्ही जवळजवळ नकार देऊन बसलो होतो. त्याच दिवशी एक वृद्ध कारागीर रेंजवर आले होते. त्यांनी मुलीला रायफल धरलेली पाहिले आणि एवढेच विचारले, "ही कोणाच्या मापाची?"

त्यांनी पुढे अर्ध्या तासात जे केले त्यात रायफल जुळवण्याचे सारे शास्त्र आले. खांद्याला टेकणारा जो मागचा भाग, ज्याला बटप्लेट म्हणतात, त्याच्यामागच्या दोन चकत्या काढून त्यांनी दस्ता आखूड केला. लांब दस्त्यामुळे मुलगी मान पुढे ताणून साइट गाठत होती. आता तिचा डोळा सहज दोन-तीन बोटांवर आला. मग त्यांनी बटप्लेट वरखाली सरकवून ती खांद्याच्या खोबणीत आपसूक बसेल अशी केली. त्यानंतर गालपट्टी उचलली. तिला डोळे मिटून गाल टेकवायला सांगितले आणि मग डोळे उघडायला. साइटचे भोक नजरेसमोर मधोमध आले की उंची बरोबर. ते वर किंवा खाली दिसले तर मान जुळवायची नाही, पट्टी जुळवायची. शेवटी नळीवरची जादा वजने काढली. नियमाप्रमाणे हवाई रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चालते म्हणून तेवढी जड असलीच पाहिजे असे नाही.

त्या संध्याकाळी तिच्या पाच भोकांचा पुंजका आधीच्या निम्म्यावर आला. हात तिचा कधीच दोषी नव्हता. दोष आमचा होता. आम्ही मुलीला बंदुकीच्या मापाची करायला निघालो होतो.

आता हा पुंजका वाचावा कसा, हे नीट समजून घेऊ, कारण येथेच बहुतेक हौशी नेमबाज फसतात. भोकांविषयी दोन निरनिराळे प्रश्न असतात. पुंजका किती मोठा आहे, हा एक. तो कोठे पडला आहे, हा दुसरा. पुंजका लहान पण मध्यापासून दूर असेल तर इलाज सोपा. साइटची चाके फिरवा आणि त्याला मध्यावर आणा. पण पुंजकाच पसरट असेल तर साइट कितीही फिरवली तरी तो पसरटच राहणार. तेथे दोष बसवणुकीत, छर्ऱ्यात नाहीतर आपल्या श्वासात शोधावा लागतो. एक छर्रा उजवीकडे गेला की साइट डावीकडे फिरवणारा माणूस दिवसभर आपल्याच चुकीचा पाठलाग करत बसतो. निदान पाच आणि शक्यतर दहा भोके पाहिल्यावाचून चाकाला हात लावू नये.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची १० मीटरची अंतिम फेरी. फेरीआधीच्या चाचणी-गोळ्यांत अभिनव बिंद्रा यांना नेम भलतीकडेच जात असल्याचे आढळले. अशा वेळी कोणाचाही धीर सुटेल. त्यांनी साइट पुन्हा जुळवून घेतली आणि पुढच्या दहा गोळ्यांत १०४.५ गुण मिळवले, त्यांतली शेवटची १०.८ ची. भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पुंजका त्यांचा स्वतःचा होता आणि वर्षांच्या साधनेने तो घट्ट झालेला होता. हललेली होती ती केवळ त्याची जागा.

शरीर स्थिर झाले की कल पाहावा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी लक्ष्याच्या बाजूला सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका. पाऊल सरकवा आणि सारे अंगच त्या दिशेला वळवा. ओढून आणलेली रायफल चाप दाबताच पुन्हा मूळ जागी जाऊ पाहते.

माशीच्या जागी गोल कडे असते आणि त्या कड्यात काळे वर्तुळ मधोमध दिसावे लागते. नवखे लोक बारीक कडे निवडतात. त्यांना वाटते, जेवढे बारीक तेवढे अचूक. प्रत्यक्षात भोवतीची पांढरी पट्टी फार अरुंद झाली की डोळा गोंधळतो आणि बोट घुटमळते. पट्टी चारी बाजूंनी सारखी आहे हे एका नजरेत कळेल इतके कडे मोठे असावे. चापाचेही तसेच. बोटाचे पेर चापावर सरळ मागे दाबेल इतक्या अंतरावर तो आणावा. फार हलका चाप नवख्याला घातकच, कारण मनात येण्याआधीच गोळी सुटते.

राहिला छर्रा. एकाच बनावटीचे छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा डोक्याच्या मापांत मिळतात, आणि कोणत्या नळीला कोणता मानवेल हे आधी सांगता येत नाही. रायफल शिकंज्यात पक्की करून प्रत्येक डबीतले दहा-दहा छर्रे मारावेत आणि ज्यांचा पुंजका सर्वांत लहान ती डबी निवडावी. आमच्या मते नव्या दस्त्याच्या आधी हा खर्च करावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत.

काही गोष्टींना मात्र हात लावू नये. हवेचा दाब किंवा स्प्रिंगचा जोर वाढवून नेम सुधारत नाही. सेकंदाला १७० मीटरच्या आसपासचा वेग १० मीटरला पुरेसा असतो. आपल्या कायद्याने ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपेक्षा कमी जोराच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. ती मर्यादा ओलांडणे हा छंद नव्हे, गुन्हा होय. चापाची आतली यंत्रणा जाणत्या कारागिरावाचून उघडू नये, आणि हवेच्या नळकांड्यावर कोरलेली मुदत संपली की ते वापरू नये. कोणताही स्क्रू फिरवण्याआधी रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे. येथे विसरलो ही सबब चालत नाही.

शेवटी एक वही ठेवा. एका वेळी एकच बदल करा. त्याची तारीख, किती फेरे फिरवले आणि पुंजका किती मिलिमीटरचा झाला, हे लिहा. दोन बदल एकदम केले तर कोणाचा गुण आला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. बदल लाभला नाही तर वही पाहून मागे फिरता येते. वहीवाचून मागे फिरायची वाटच उरत नाही.

त्या मुलीने पुढे पदके आणली असे सांगता आले असते तर आपल्याला आवडले असते. तसे काही घडले नाही. ती आता नोकरी करते आणि रविवारी रेंजवर येऊन नव्या मुलांना रायफल जुळवून देते. मूल नवे आले की आधी त्याच्या हाताची लांबी पाहते आणि मगच कपाटातली रायफल काढते. आम्ही तिला तीन महिने जे विचारले नाही, ते ती पहिल्या पाच मिनिटांत विचारते. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी वा नातवंड रेंजवर जाऊन हिरमुसले परत आले, तर "हात हलतो" हा निकाल लगेच मान्य करू नका. त्याच्या हाती दिलेली रायफल कोणाच्या मापाची होती, हे आधी विचारा.